बिनखिळ्याची खुर्ची

नांदेडच्या ज्या घरात मी आज नांदते आहे, त्या घराची पाहणी माझ्याआधी बाईंनी केली होती, तीही सोफ्याच्या मागून. माझं लग्न ठरवायला कंधारहून आई, दादा, एक मामा आणि माझ्या हट्टाखातर माझ्या कामावरच्या बाई अशी मंडळी मुलाच्या घरी गेली होती. पोहे आले, ओळखीपाळखी निघाल्या, आणि मामा मुलाच्या नोकरीचा विषय काढतात न काढतात तोच बाई उठल्या. पदर कमरेला खोचला, मोबाईलचा उजेड लावला आणि सोफा नि भिंत यांच्यामधल्या फटीत अर्ध्याअधिक शिरल्या. मुलाच्या आईला वाटलं, यांचं कानातलं वगैरे पडलं असेल. त्याही बिचाऱ्या खाली बसून शोधायला लागल्या. बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या, हातावरची धूळ झटकली आणि सगळ्यांसमोर निकाल दिला.

"सोफा तकलादू हाय. नुसते खिळे ठोकून ठेवलेत. पर माणसं बरी दिसायलीत."

माझ्या आईनं डोळे मिटून घेतले. मुलगा मात्र खळखळून हसला. माझं लग्न त्याच क्षणी ठरलं, असं मी अजून मानते.

बाई आणि मी अहमदपूरच्या बाहेर, नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका वर्कशॉपात कामाला होतो. तिथं लाकूड कापायचं कॉम्प्युटरचं मशीन होतं. आपण स्क्रीनवर जे काढू, ते मशीनचं गरगर फिरणारं पातं प्लायवूडच्या पाटीत जसंच्या तसं कापून देतं. अशी मशिनं आता तालुक्यातालुक्याला झाली आहेत. बहुतेक ठिकाणी दारावरची नक्षी आणि देव्हाऱ्याची जाळी निघते. आमच्याकडेही तेच निघायचं. पण बाई आल्या आणि फर्निचर सुरू झालं, तेही त्यांच्या अटीवर. खिळा नाही, स्क्रू नाही आणि डिंक तर मुळीच नाही. एका फळीला जीभ काढायची, दुसरीला खाच पाडायची, जीभ खाचेत घालायची, वरून लाकडी हातोडीनं ठोकायचं. झालं कपाट. नको असेल तेव्हा उलटं ठोकायचं, सगळं सुटं.

शेठ सुरुवातीला म्हणायचे, "बाई, थोडा डिंक लावला तर काय बिघडतंय? गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो."

"डिंक लावायचा तर मग मला कशाला ठेवलं? डिंकाचा डबाच बसवा की खुर्चीवर."

शेठ हिशेबाच्या वहीकडं वळायचे. तसं बाईंशी कुणीच फार बोलायचं नाही, कारण बोलून उपयोग नसायचा.

वर्कशॉपात बाई कुणालाही नावानं हाक मारत नसत. ज्याचं जे गाव, तेच त्याचं नाव. मशीन चालवणारा बिलोलीचा, म्हणून तो 'बिलोली'. मी 'कंधार'. "ए बिलोली, पाटी नीट धर, तुझ्या गावाकडं धरतेत तशी धरू नको!" असा आवाज आला की रस्त्यावरचा चहावालासुद्धा मान वर करायचा. त्यांचं स्वतःचं माहेर देगलूरकडचं, तेलंगणाच्या सीमेलगतचं. राग फार वाढला की त्या तेलुगूत शिरायच्या. तेलुगू सुरू झालं की आम्ही समजायचो, आता बाहेर जाऊन उभं राहायचं.

कॉम्प्युटरशीही त्या अशाच बोलायच्या. स्क्रीनवरची इंग्रजी नावं त्यांना वाचता यायची, पण मान्य नव्हती. सपाट आकाराला जाडी द्यायच्या बटणाला त्या 'उचल' म्हणायच्या. एका आकारातून दुसरा वजा करायच्या बटणाचं नाव 'खा'. "जीभ खाचेच्या जागी ठेव, मग खाचेच्या फळीला धर आन् खा दाब," असं त्यांचं शिकवणं. मी इंटिरियरचा डिप्लोमा करून आलेली. आधी हसले, मग आठवड्याभरात मीही 'उचल' आणि 'खा' म्हणायला लागले. आज नांदेडच्या ऑफिसात नवीन आलेल्या मुलांसमोर माझ्या तोंडून कधी कधी 'खा' निघून जातं आणि मुलं एकमेकांकडं बघतात.

फिरतं पातं गोल असतं, त्यामुळं त्याला खाचेचा आतला कोपरा काटकोनात कापता येत नाही. तो गोलच राहतो आणि चौकोनी जीभ तिथं अडते. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात थोडं जास्तीचं गोल कोरून ठेवावं लागतं. बाई त्याला 'कान' म्हणायच्या, उंदराचे असतात तसे. मी काढलेल्या खाचांना कान द्यायचे राहिले की त्या स्क्रीनजवळ तोंड नेऊन ओरडायच्या, "बहिरी हाय ही खाच! हिला कान दे!"

आणि सगळ्यात मोठा शब्द म्हणजे माया. जीभ आणि खाच तंतोतंत एका मापाची केली तर आत जात नाही. केसाएवढी मोकळीक ठेवावी लागते. शिवणकामात टाक्याच्या बाहेर कापड सोडतात त्याला माया म्हणतात, तोच शब्द बाईंनी लाकडाला आणला होता. माझं कुठलंही डिझाईन बघायला आल्या की पहिला प्रश्न, "माया सोडलीस का?" मोकळीक जास्त झाली तर टेबल डुगडुगतं, कमी झाली तर फळी फुटते. किती सोडायची, यावर त्या बिलोलीशी तासतास भांडायच्या आणि शेवटी आपलंच खरं करायच्या.

त्यांचं नेहमी खरंच निघायचं असं नाही. आमच्या कंधारच्या एका वाचनालयाला पुस्तकांची कपाटं हवी होती. वाचनालय वरच्या मजल्यावर, जिना इतका अरुंद की तयार कपाट वर जाणं शक्यच नव्हतं. बाईंना असलं काम म्हणजे मेजवानी. सगळे भाग सुटे कापून वर न्यायचे आणि तिथं जोडायचे. प्लायवूड देणारा म्हणाला, सगळ्या पाट्या एकाच जाडीच्या आहेत. बाईंनी एक पाटी मोजली आणि बाकीच्यांवर भरवसा टाकला. आम्ही वर पोचलो, ठोकायला लागलो, तर अर्ध्या फळ्या गपकन बसल्या आणि अर्ध्या काही केल्या आत जाईनात. पाट्या दोन वेगळ्या जाडीच्या निघाल्या. वाचनालयाचे अध्यक्ष हार घेऊन उभे. बिलोली हळूच म्हणाला, "बाई, थोडा स्क्रू..." त्याच्याकडं बाईंनी असं बघितलं की त्याचं वाक्य तिथंच राहिलं.

मग त्या फतकल मारून जमिनीवर बसल्या आणि सँडपेपरनं एकेक जीभ घासायला लागल्या. पेपर वाचायला आलेली म्हातारी मंडळी आधी बघत राहिली, मग त्यांच्यातला एक निवृत्त तलाठी म्हणाला, "द्या इकडं एक." संध्याकाळपर्यंत वाचनालयातला प्रत्येक वाचक मांडीवर फळी घेऊन घासत होता. हार अध्यक्षांच्या हातातच सुकला. शेवटचं कपाट उभं राहिलं तेव्हा बाई अंगावरचा भुसा झटकत म्हणाल्या, "चुकलं माझं. पर सुंदर चुकलं." त्या दिवसापासून दारात आलेली प्रत्येक पाटी त्यांनी मोजल्याशिवाय आत घेतली नाही.

एवढी बोलणारी बाई घरी एका माणसाशी अवाक्षर बोलत नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. ते माणूस म्हणजे त्यांची सासू.

हे मला सांगितलं त्यांच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं. मालक एसटीत कंडक्टर. स्वभाव इतका सौम्य की गाडीत भांडण झालं तर तेच उतरून उभे राहत असतील. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरहून शिलाई मशीन घेऊन आल्या होत्या. गल्लीतल्या बायकांचे झंपर शिवायच्या, मुलींना शिकवायच्या. पुढं नणंदेचं लग्न निघालं, आणि सासूनं बाईंना न विचारता ते मशीन लेकीच्या सामानात घातलं. बाई माहेरी गेल्या होत्या. परत आल्या तर कोपरा रिकामा. त्या दिवशी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि सासूशी तर पुन्हा कधीच नाही. स्वयंपाक एकत्र, घर एक, सणवार सगळं व्यवस्थित. फक्त बोलणं तिसऱ्या माणसाकरवी. 'त्यांना म्हणावं, चहा झाला.' 'तिला सांग, साखर कमी हाय.' मालक ड्युटीवर गेले की घरात दिवसभर नुसती भांडी वाजायची. मशीन गेल्यावर बाई कॉम्प्युटरवरच्या भरतकामाच्या दुकानात लागल्या, तिथून नक्षीच्या डिझाईनवर गेल्या आणि नक्षीतून आमच्या वर्कशॉपात आल्या.

मग एका हिवाळ्याच्या तोंडावर सासूला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. जीव वाचला, बोलणंही राहिलं, पण म्हातारी खाटेला लागली. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, तर उठताना उजव्या हातानं रेटा देताच खुर्ची मागं सरकली आणि त्या पडल्या. तेव्हापासून त्या खाटेवरून हलायला तयार नव्हत्या. जेवणही कमी केलं.

बाईंनी हे मला सांगितलं नाही. एक दिवस फक्त म्हणाल्या, "कंधार, रविवारी घरी ये. मापं घ्यायचीत."

"कशाची?"

"खुर्चीची. मला विचारता येत न्हाई, तू विचार."

त्या रविवारी मालक ड्युटीवर होते. खाटेवर म्हातारी, खाटेजवळ हातभर अंतरावर बाई, मधे टेप घेऊन मी.

"त्यांना इचार, गुडघा कुठवर वाकतो."

मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून उत्तर आलं, "तिला सांग, वाकायचा तेवढाच वाकतो."

"त्यांना म्हणावं, बोटानं दाखवा."

"तिला सांग, डोळे फुटले नसतील तर बघून घे म्हणावं."

मी दोघींकडं बघत मान हलवत होते. मापं झाली. चहा करायला बाई आत गेल्या तेव्हा आजींनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "पोरी, ती मशीन मी दिली ते बरोबर केलं का चूक, आजून कळत न्हाई बग मला. पोरगी बी माझीच व्हती. सासरी रिकाम्या हातानं कशी धाडू?" आत कपबशांचा आवाज चालला होता, तो थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. चहा आला तेव्हा बाई काही बोलल्या नाहीत, पण आजींच्या कपात साखर जास्त होती. एका घोटातच म्हातारीच्या तोंडावर ते दिसलं.

पहिली खुर्ची आम्ही खोक्याच्या पुठ्ठ्याची केली, नुसती उंची बघायला. आजींनी ती नाकारली: "तिला सांग, ही खुर्ची हाय का पाळणा?" दुसरी जुन्या प्लायची. उंची जमली, पण उठताना उजव्या हाताला रेटा द्यायला पुढं जागाच नव्हती. बाई स्क्रीनसमोर बसून राहायच्या. शेठची गिऱ्हाइकं थांबली, लातूरच्या एका हॉटेलची टेबलं थांबली. शेठनं विचारलं तर म्हणाल्या, "तुमची आई पडली तर थांबणार का टेबलासाठी?" शेठनं स्वतःच हॉटेलवाल्याला फोन केला.

तिसऱ्या खुर्चीचा उजवा हात बाईंनी पुढं लांबवला, त्याच्या टोकाला मुठीत मावेल असा गोल आकार दिला. मागचे पाय तिरके केले, म्हणजे रेटा दिला तर खुर्ची मागं सरकण्याऐवजी जमिनीला घट्ट धरून राहील. सगळे सांधे आरपार जिभेचे. जीभ फळीतून पलीकडं निघते आणि तिच्यात लाकडी पाचर ठोकतात. पाचर काढली की खुर्ची सुटी होऊन पाटासारखी चपटी.

आम्ही ती घरी जोडली. आजींना बसवलं. त्यांनी उजव्या मुठीनं तो गोल धरला, कमरेत जोर घेतला आणि उठल्या. कुणी न धरता. पाय थरथरत होते, पण त्या उभ्या होत्या. मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"उजव्या बाजूनं बोटभर कमी कर. मांडीला रुततंय."

"कमी केलं तर डुगडुगंल, आत्याबाई," बाई म्हणाल्या.

"डुगडुगू दे. मला रुतल्यालं चालत न्हाई."

"अहो, डुगडुगली की पडाल! मग मलाच उचलावं लागंल."

"इतके दिस कोण उचलायलंय मग? पुढनं कमी कर की, मागनं कशाला करायलीस?"

"पुढनं..." बाई खाली वाकल्या. "हाव. पुढनं होतंय."

मी टेप हातात धरून मधे उभी होते आणि माझं तिथं काहीही काम उरलं नव्हतं. दोघींच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. तेवढ्यात दारात मालक आले, खांद्याला तिकिटाच्या मशीनची पिशवी. त्यांनी उंबऱ्यात पाय टाकला, आतलं भांडण ऐकलं, आणि पाय मागं घेतला. बराच वेळ ते बाहेर पायरीवर बसून होते. मी निघाले तेव्हा त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "चालूच हाय का?" मी म्हटलं, "हो." म्हणाले, "असू द्या, असू द्या."

थोडं चालता यायला लागल्यावर आजींनी दुसरी मागणी केली. येळवसला शेतात जायचं.

येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्याकडं गावंच्या गावं शेतात जातात. कडब्याची कोपी, म्हणजे छोटं खोपटं, उभारायची, पूजा करायची, शेंगभाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, खीर असं सगळं शेतातच बसून खायचं, आणि आंबील पिकावर शिंपडत शेताला फेरी मारायची. त्यांच्या घरात हे शिंपडणं सुरुवातीपासून आजींचं. शेत गावापासून लांब नव्हतं, पण शेवटी बांधावरून चालायची वाट, आणि जमीन काळी. घरातली खुर्ची तिथं ठेवली असती तर पाय खाली गेले असते.

"रुतणार," बाई म्हणाल्या.

"मग रुतणार न्हाई अशी कर," आजी म्हणाल्या.

बाईंनी मूळ खुर्ची तशीच ठेवून पायांखाली दोन लांब रुंद पट्ट्या दिल्या. पायांची टोकं पट्टीतल्या खाचेत बसायची, म्हणजे भार एका टोकावर न येता पसरायचा. ओल्या मातीत बघायला त्यांनी वर्कशॉपाच्या मागं पाणी ओतून चिखल केला आणि खुर्चीत बिलोलीला बसवलं. बिलोली अंगानं भक्कम. खुर्ची रुतली नाही. बिलोली मात्र उतरताना घसरून पडला. बाईंना ती चाचणी अगदी मनासारखी झाली असं वाटलं.

येळवसच्या सकाळी मालकांनी जीपमधून सगळ्यांना बांधापर्यंत आणलं. आजींना त्यांनी आणि बाईंच्या चुलत दिरांनी हातांचा पाळणा करून नेलं. मागून बिलोली खुर्चीचे सुटे भाग डोक्यावर घेऊन, त्याच्या मागं बाई पाचरींची पिशवी आणि लाकडी हातोडी घेऊन, आणि मी. कोपीसमोर बाईंनी खुर्ची जोडली. एक दीर म्हणाला, "वहिनी, जीपमधी स्क्रू हायत, दोन मारले तर..." आजीच कडाडल्या, "गप बस. तिचं तिला कळतंय."

ऊन वर आलं होतं. हरभरा घाट्यांनी भरला होता, ज्वारी कमरेला लागत होती. पूजा झाली. आंबिलीचं मडकं आणि कडुलिंबाचा डहाळा आजींच्या पुढ्यात आणून ठेवला. सगळे थांबले. कुणाला नक्की कळत नव्हतं, आता काय करायचं ते. मालक पुढं झाले, "आई, मी मारतो फेरी, तू बस."

आजींनी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. उजव्या मुठीनं खुर्चीचा गोल धरला, पट्ट्यांवर जोर आला, काळ्या मातीनं थोडं चुर्र केलं, आणि त्या उठल्या. बाईंचा हात आपोआप पुढं गेला. आजींनी तो काठीसारखा धरला. दोघी हरभऱ्याच्या कडेपर्यंत गेल्या, मागून मालक मडकं घेऊन. आजींनी डहाळा बुडवला, पहिलं शिंपडणं केलं, दुसरं केलं. मग थांबल्या. श्वास लागला होता.

"बास," त्या म्हणाल्या. डहाळा त्यांनी बाईंच्या हातात दिला. "इथून फुडं तू."

बाईंनी डहाळा मडक्यात ठेवला. मग त्यांनी मडकं कमरेवर घेतलं, पदर खोचला आणि बांधाच्या कडेनं निघाल्या. मालकांनी आजींना परत खुर्चीत आणून बसवलं. बाई चालत चालत ज्वारीच्या पलीकडं गेल्या, मधेच दिसायच्या, मधेच डहाळा तेवढा वर यायचा.

"त्या कोपऱ्याला जास्त शिंपड गं!" आजी खुर्चीतून ओरडल्या. "तिथं हरभरा मरतुय दर साली!"

"दिसतंय मला!" पलीकडून आवाज आला.

"दिसतंय तर मग भराभरा काय चालायलीस?"

"तुमचं शेतच लई मोठं हाय, त्याला मी काय करू?"

कोपीत आम्ही बाकीचे भज्जी वाढून घेत होतो. मालक आंबिलीचा पेला तोंडाला न लावता हातात धरून बसले होते, आणि शेताच्या या टोकाकडून त्या टोकाकडं त्या दोघी एकमेकींवर ओरडत होत्या.